स्मिता पाटीलची पहिली पाच वर्षं

दरवर्षी १७ ऑक्टोबर आणि १३ डिसेंबरला आमच्या तालुक्यातल्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच फोटो फिरतो. मोठं कुंकू, त्याहून मोठे डोळे, खाली कुणीतरी 'खान्देशकन्या' असं लिहिलेलं आणि मग दिवसभर हात जोडलेल्या इमोजींची रांग. पहिली तारीख जन्माची, दुसरी मरणाची. मधली एकतीस वर्षं बाई काय करत होती हे कोणी लिहीत नाही, आणि लिहिलंच तर राज बब्बर, बाळंतपण, अकाली निधन, 'मनाला चटका लावून गेली' एवढ्यावर उरकतात. मला आता त्या चटक्याचा कंटाळा आलाय खरं सांगू तर. म्हणून ठरवलं की यावेळी शेवटाकडे जायचंच नाही, सुरुवातीबद्दल लिहायचं. १९७२ ते १९७७. सतरा वर्षांची होती तिथपासून बावीसची झाली तिथपर्यंत, बस.

आधी एक क्लिअर करतो, नाहीतर कोणीतरी मला दुरुस्त करायला येईलच. स्मिता पाटीलचा जन्म १९५५ चा, पुण्याचा. शाळाही पुण्यात. धुळे जिल्ह्यातलं शिरपूर हे वडिलांचं. म्हणजे ती अरुणावतीच्या काठावर खेळली-बागडली वगैरे जे आमच्याकडे भाषणात ठोकून देतात ते जरा जपूनच घ्यायचं. आमच्या आईला हे सांगितलं तर तिने भाकरी थापता थापता विषय संपवला, "जलम कोठेबी होवो, पोर आपलीच शे." आता यावर कोण काय बोलणार.

पण 'आपली' म्हणताना नक्की काय आपलं होतं तिच्यात, हा प्रश्न मला खरंच पडतो. चेहरा? तर हो, आमच्याकडे असे चेहरे आहेत, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर उभं राहिलं तर असे डोळे दिसतील तुम्हाला. पण मला वाटतं त्यापेक्षा घर महत्त्वाचं होतं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील, बेचाळीसच्या चळवळीत तरुणपणी तुरुंगात गेलेले, राष्ट्र सेवा दलाचे, पुढे राजकारणात जाऊन मंत्री झाले, सहकारी साखर कारखानदारीत मोठं नाव, २०१३ मध्ये पद्मभूषण. आई विद्याताई नर्सिंग केलेल्या आणि पुढे समाजकार्यात. हे असं घर एकदम आभाळातून पडत नाही. आमच्या भागात साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन १९३६ ला फैजपूरला झालं, ते बघून-ऐकून मोठी झालेली एक अख्खी पिढी होती इकडे. खादी, कलापथक, पोवाडे, शिबिरं, पहाटे उठून गाव झाडणं. ती हवा त्या घरात होती आणि पोरगीही सेवा दलाच्या कलापथकात होती. म्हणजे स्टेजवर उभं राहायची सवय तिथली, आणि स्टेजवरून उतरून सगळ्यांबरोबर सतरंज्या गुंडाळायची सवय पण तिथलीच. ही दुसरी सवय लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माझा भाचा. बारावीला आहे, धुळ्याला राहतो, आणि अहिराणी रील बनवतो. चांगले बनवतो, खोटं कशाला बोलू, एका रीलमध्ये तो सासू झालाय डोक्यावर पदर घेऊन, आम्ही घरातले सगळे लोळलो होतो हसून. त्याला ॲक्टर व्हायचंय. मी त्याला म्हटलं की बाबा रे, स्मिता पाटीलची सुरुवात कशी झाली ते जरा बघ, वाच. तर तो फोनमधून मान वर न करता म्हणे, "मामा, तिना बाप मंत्री व्हता. तिले काय कमी व्हतं?"

चिडलो मी. पण नंतर कापसाच्या जिनिंगवर हिशोब लिहिता लिहिता विचार केला तर पोरगं अगदीच चुकीचं बोलत नव्हतं. मंत्र्याची मुलगी, मुंबईत राहायला मिळालं, मुंबईत कॉलेज, ओळखीपाळखीत शिकलेली माणसं, टीव्हीतली माणसं, फिल्म इन्स्टिट्यूटमधली माणसं. त्याच वर्षी शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात तिच्यासारखेच डोळे असलेली, तिच्याइतकीच हुशार दुसरी एक पोरगी असेलच की, ती कापूस वेचत असणार आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येऊन झोका खेळत असणार, तिला कोण विचारायला आलं? कोणीच नाही. हे मान्य केल्याशिवाय स्मिताबद्दल लिहायला नको. दारापर्यंत पोचायचा रस्ता तिला आयता मिळाला होता.

पण दाराच्या आत गेल्यावर ती जे काय वागली ना, ते मंत्र्याच्या मुलीसारखं बिलकुल नाही. मला तेच सांगायचंय.

तर क्रमाने. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. ब्लॅक अँड व्हाइट, संध्याकाळचे थोडे तास. स्मिताची एक मैत्रीण तिथे बातम्या द्यायची, त्या मैत्रिणीच्या नवऱ्याला फोटोग्राफीचा नाद, त्याने काढलेले स्मिताचे फोटो टीव्ही सेंटरवर पसरून बघत होते तेव्हा तिथल्या साहेबांच्या नजरेस पडले आणि विचारणा झाली, असा तो किस्सा. बाईंनी काही अर्ज नव्हता केलेला. मग ती मराठी बातम्या द्यायला लागली. जीन्स घालून यायची आणि बातम्यांच्या वेळेला जीन्सवरूनच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. मला त्यात मजा वेगळीच वाटते, की बघणाऱ्याला कमरेच्या वर जे दिसतं ते शंभर टक्के खरं वाटत होतं. काठापदराची साडी, कुंकू, शांत आवाज. कॅमेऱ्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे पोरगीला अठराव्या वर्षी कळलं होतं, आणि ते पण बातम्यांसारख्या कोरड्या ठिकाणी.

आणि गंमत बघा, ज्यांची 'आपली पोर' त्यांनाच ती दिसत नव्हती. दूरदर्शन तेव्हा मुंबईपुरतं, पुढच्या वर्षी पुण्याला सिंहगडावरून दिसायला लागलं. खान्देशात टीव्ही कुठला? आमच्याकडे घरोघरी अँटेना लागले ते एशियाडनंतर, ८२ च्या पुढे, आणि तेव्हाही छपरावर चढून 'आलं का? आता आलं का?' करत फिरवायला लागायचे. म्हणजे मुंबईतली माणसं रोज संध्याकाळी शिवाजीरावांची मुलगी बघत होती आणि शिरपूरला कोणाला पत्ता नाही. आईला विचारलं की तुला स्मिता पाटील पहिल्यांदा कधी कळली, तर म्हणे कळली कशाची, पिक्चरचं पोस्टर बघितलं धुळ्याला, तिथे कोणीतरी सांगितलं की ही आपल्या शिरपूरवाल्यांची. बस.

टीव्हीच्या जोडीला १९७४ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या अरुण खोपकरांच्या डिप्लोमा फिल्ममध्ये काम केलं, 'तीव्र मध्यम'. विद्यार्थ्याची फिल्म, पैसे नाहीत, प्रेक्षक नाहीत. मग श्याम बेनेगल. त्यांच्या युनिटमधले साउंड रेकॉर्डिस्ट हितेंद्र घोष स्मिताला ओळखत होते, त्यांनी नाव सुचवलं, बेनेगलांनी टीव्हीवर बघितलं, आणि घेतलं. घेतलं ते कशात? मुलांच्या सिनेमात. 'चरणदास चोर', हबीब तन्वीरांच्या नाटकावरून, छत्तीसगडच्या लोककलावंतांबरोबर. यात ती राजकन्या. त्याच वर्षी, १९७५ ला, 'निशांत' आला.

आता 'निशांत' नीट बघा. शबाना आझमी त्यात मेन. शबानाचा 'अंकुर' वर्षभर आधी येऊन गाजलेला. स्मिताच्या वाट्याला आली जमीनदारांच्या वाड्यातली सून, रुक्मिणी, धाकट्या भावाची बायको, तो नसीरुद्दीन शाह. संवाद मोजके. वाड्यात वावरायचं, बघायचं, गिळायचं. जिचा चेहरा मुंबईत रोज संध्याकाळी क्लोजअपमध्ये दिसत होता तिने इथे जाऊन पदराखाली उभं राहायचं कबूल केलं. पिक्चर १९७६ ला कान महोत्सवाच्या स्पर्धेत गेला, नाव झालं, पण नाव बेनेगलांचं, शबानाचं, गिरीश कर्नाडांचं. ती कोपऱ्यात. मी तो पिक्चर आता बघतो तेव्हा माझी नजर कोपऱ्याकडेच जाते हा भाग वेगळा.

१९७५ लाच मराठीत 'सामना'. जब्बार पटेल, तेंडुलकरांचं लिखाण, निळू फुले आणि डॉ. लागू. यातही तिचं काम एवढंसंच, तुम्ही पाणी प्यायला उठलात तर हुकेल. पण मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते आणि ती कोणी बोलत नाही. 'सामना' कशावर आहे? सहकारी साखर कारखान्याच्या जोरावर आख्खा इलाखा मुठीत ठेवणाऱ्या पुढाऱ्यावर. आणि काम कोण करतंय, तर सहकारातल्या पुढाऱ्याची मुलगी! शिवाजीराव तसे होते असं मी अजिबात म्हणत नाही, त्यांचं नाव चांगलंच घेतात आमच्याकडे जुनी माणसं. पण आज कल्पना करा, एखाद्या कारखान्याच्या चेअरमनची मुलगी असल्या पिक्चरात छोटंसं काम करतेय आणि घरातून कोणी फोन करत नाही की बेटा ते सोड. जमेल? आमच्याकडे सरपंचाच्या पुतण्यावर रील केलं म्हणून माझ्या भाच्याला दोन जण भेटायला आले होते.

आता 'मंथन'. इथे मी थांबणार आहे जरा.

१९७६. गुजरातमधल्या दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, असे पाच लाख शेतकरी, म्हणजे दहा लाखांत पिक्चर झाला. गाव राजकोटच्या बाजूचं, सांगणवा. कर्नाड झालेत डॉक्टर राव, गावात दुधाची सोसायटी काढायला आलेले, आणि स्मिता झालीय बिंदू. गावाच्या कडेच्या वस्तीत राहणारी, नवरा असून नसल्यासारखा, एक पोर, एक म्हैस आणि तोंड फटकळ. शहरातून आलेल्या कोणावर एका झटक्यात विश्वास ठेवेल तर शपथ.

आमच्या घरी लहानपणी दोन म्हशी होत्या, त्यामुळे हा पिक्चर मी जसा बघतो तसा मुंबईचा माणूस बघू शकत नाही, असं माझं म्हणणं. पहाटे डेअरीवर रांग लागते. बायका किटल्या घेऊन उभ्या. सेक्रेटरी दूध मापतो, थोडं दूध बाटलीत काढून फॅट लावतो आणि रजिस्टरकडे बघत आकडा सांगतो, "पाच पॉइंट सहा". म्हशीच्या दुधाला सहाच्या खाली फॅट लागलं की भाव पडला. आणि बाईला पक्कं माहीत असतं की काल तीच म्हैस, तोच चारा, तीच सरकी, काल सहा पॉइंट दोन होतं, आज कसं काय कमी? पण ती बोलत नाही. ती किटली उचलते, पदर खोचते आणि सेक्रेटरीकडे एक नजर टाकते. फक्त एक. त्या नजरेत शिवी असते, हिशोब असतो आणि उद्या परत इथेच यायचंय हेही असतं. आमची आई हे रोज करायची. ही नजर मी आयुष्यात दोनच ठिकाणी बघितली, एक आमच्या डेअरीवर आणि दुसरी बिंदूच्या डोळ्यांत. मंत्र्याच्या घरात वाढलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, जीन्स घालून मित्रांबरोबर हिंडणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलीने ती कुठून उचलली? कोणी शिकवली तिला?

माझा अंदाज सांगतो. ती बायकांत जाऊन बसली. बेनेगलांनी सांगितलेला किस्सा आहे, शूटिंग बघायला बाहेरून काही पोरं आली आणि विचारायला लागली की हिरॉइन कुठंय. तर स्मिता तिथेच समोर गावातल्या बायकांच्यात उकिडवी बसलेली, त्यांच्यासारखाच घागरा-ओढणी घालून. पोरांना दाखवलं तरी त्यांचा विश्वास बसेना. सेवा दलातली ती सतरंज्या गुंडाळायची सवय मी वर म्हटली ना, ती इथे कामी आली. शहरातली माणसं खेड्यात येऊन बसतात तेव्हा त्यांचं बसणंच सांगतं की ही थोड्या वेळाने उठून जाणार आहेत. हिचं बसणं तसं नव्हतं.

आणि भाषा. 'मंथन'मधली बिंदूची हिंदी गुजराती वळणाची आहे, आणि आमच्या तळोदा-नंदुरबारकडच्या बाजारात जी मिसळ बोलतात तिच्या फार जवळची वाटते कानाला. अहिराणीत गुजराती किती आहे ते आमच्या लोकांना सांगायला नको. त्यामुळे मला ती कधी गुजरातची वाटलीच नाही, तापीच्या अलीकडचीच वाटते. हे माझं वैयक्तिक, भाषातज्ज्ञांनी भांडायला येऊ नये.

एक प्रसंग बघाच. खासगी डेअरीचा मालक मिश्रा, म्हणजे अमरीश पुरी, हा बिंदूच्या अडचणीचा फायदा घेऊन तिच्याकडून डॉक्टर रावच्या विरोधात कागदावर अंगठा घेतो. काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही. अंगठा देणाऱ्या माणसाचं जे होतं, कागदाकडे बघायचं पण कागद काही बोलत नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. आमच्या आजीने पण असाच अंगठा दिला होता एकदा जमिनीच्या वाटणीत, ती पुढे मरेपर्यंत कोणत्याही कागदाला हात लावताना आधी घरात कोण शिकलेलं आहे ते बघायची.

भाच्याला मी हा पिक्चर बळंच बसवून दाखवला. जेवण झाल्यावर, शेवभाजी जास्त झालेली म्हणून पळूही शकत नव्हता. अर्ध्यात मला म्हणे, "मामा, हिले तं डायलॉगच नहीत." मी म्हटलं मोज. त्याने खरंच मोजायला सुरुवात केली आणि मग दहा-पंधरा मिनिटांनी मोजायचं विसरला. त्याच्या रीलमध्ये तीस सेकंदात पंचवीस वाक्यं असतात, आणि त्याची तरी काय चूक, तीन सेकंदात पकडलं नाही तर बोट वर सरकतं लोकांचं. पण मी त्याला एवढंच म्हटलं की तू स्क्रीनवर सतत 'मी इकडे, मी इकडे' करतोस, ही करत नाही, आणि तरी तू हिच्याकडेच बघतोयस. त्यावर तो काही बोलला नाही. नंतर दोन दिवसांनी रील टाकला त्यात सासू पहिले पाच सेकंद नुसती बघत बसलीय. व्ह्यूज कमी आले म्हणून मला फोन करून शिव्या घातल्या.

एक बाजूचा मुद्दा, पण राहून जाईल म्हणून इथेच टाकतो. रंग. ती सावळी होती आणि तेव्हाच्या हिंदी सिनेमात सावळी हिरॉइन म्हणजे विचारायलाच नको. आमच्याकडे तर अजून बायोडाटात 'गोरीपान' लिहितात, मुलगी बघायला जाताना पावडरचा थर असतो. माझी बायको सांगते, तिच्या मावशीला बघायला पाहुणे आले होते ८०-८५ च्या सुमाराला, मुलीचा रंग बघून पाहुण्यांतल्या एका बाईंनी नाक मुरडलं तर घरातली म्हातारी ताडकन म्हणाली, "स्मिता पाटील कोणत्या रंगाची शे?" पाहुणे गप्प. लग्न तिथे झालं नाही, ते बरंच झालं म्हणे. पण एका म्हातारीच्या हातात भांडायला एक नाव आलं ना, हे माझ्या मते अवॉर्डापेक्षा छोटं नाही.

१९७७ ला दोन पिक्चर आले आणि खेळ पालटला.

'भूमिका' हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेला. 'सांगत्ये ऐका' हे पुस्तक ज्यांनी वाचलंय त्यांना माहितीय की ते किती सरळ, न लाजता सांगितलेलं आहे. कोवळ्या वयात घर चालवायला सिनेमात ढकललेली मुलगी, तिच्या कमाईवर बसणारा नवरा, एकामागून एक पुरुष आणि कुठेच न मिळालेलं घर. हे काम एकवीस-बावीस वर्षांच्या मुलीला द्यायचं म्हणजे बेनेगलांची पण कमालच. अल्लड पोरीपासून थकलेल्या बाईपर्यंत सगळं तिनेच करायचं, फक्त बालपण दुसऱ्या मुलीने केलंय.

गंमत अशी की आत्तापर्यंत सगळ्या कामांत ती गर्दीत मिसळत होती, आणि इथे तिला करायची होती एक स्टार, जिच्याकडे सगळे बघतात. पिक्चर सुरू होतो तोच स्टुडिओत, उषा, म्हणजे स्मिताच, नाचतेय, लाइट, कॅमेरा, चेहऱ्यावर पाहिजे तसं हसू. मग कट झाला, घरी आली, नवऱ्याशी भांडण, आणि तो मघाचा चेहरा जसा काही खुंटीला टांगून आली. हे एवढ्या सहज करते की आपल्याला आधी कळतच नाही काय केलं ते. मला परत तीच जीन्सवरची साडी आठवते. कॅमेऱ्यापुरतं वर काय आणि खाली काय, हे जिला टीव्हीवर समजलं होतं तिला आता अख्खी बाई तशी दाखवायला मिळाली होती.

त्यातला अमरीश पुरीच्या वाड्याचा भाग मला सगळ्यात जास्त टोचतो. उषा सगळं सोडून त्या श्रीमंत माणसाच्या वाड्यात बाई म्हणून राहायला जाते, सासू आहे, अंथरुणाला खिळलेली पहिली बायको आहे, मुलगा आहे, ती खरंच रमते, स्वैपाक-पाणी बघते, तिला वाटतं मिळालं बाबा घर. आणि मग एक दिवस पोराला घेऊन जत्रेला जायचं म्हणते, तर कळतं की या घरातल्या बायका बाहेर जात नाहीत. विषय संपला. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. जत्रेला जायचं नाही. ज्यांनी आमच्याकडचे जुने वाडे बघितलेत त्यांना हा नियम सांगायची गरज नाही, सारंगखेड्याची यात्रा दोन कोसावर आणि घरातल्या सुनांनी ती फक्त पोरांनी आणलेल्या जिलबीत बघायची, असे दिवस होते. त्या क्षणी स्मिताच्या चेहऱ्यावर जे उतरतं ते राग नाही, रडू नाही, नुसतं लक्षात येणं आहे. 'अच्छा, म्हणजे हे असं आहे तर.' मी तो सीन मागे घेऊन घेऊन बघितलाय आणि नक्की कुठल्या क्षणी चेहरा बदलतो ते मला अजून पकडता आलेलं नाही.

याच कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. बावीस-तेवीसचं वय. भाच्याला मी हे सांगितलं तर तो स्वतःचं वय मोजायला लागला, म्हटलं मोज, अजून चार वर्षं आहेत.

दुसरा पिक्चर 'जैत रे जैत'. परत जब्बार पटेल, गो. नी. दांडेकरांची कादंबरी, उषा मंगेशकरांची निर्मिती, ठाकर लोकांची गोष्ट, लिंगोबाचा डोंगर आणि राणीमाशी. मोहन आगाशे नाग्या आणि स्मिता चिंधी, नवऱ्याला सोडून आलेली. त्याची गाणी ना. धों. महानोरांची आणि संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. महानोर म्हणजे पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या पायथ्याशी, जळगाव जिल्ह्याला खेटून, आमच्यासाठी घरचेच. म्हणजे कोकणच्या अंगाच्या ठाकरांची गोष्ट, आणि त्यात शब्द आमच्या शेजारचे आणि नाचणारी आमच्या शिरपूरवाल्यांची. आमच्याकडे लग्नात डीजेवर सगळी नवी अहिराणी गाणी वाजवून झाली, पोरं थकली की शेवटी कोणीतरी मोठी माणसं 'मी रात टाकली' लावायला सांगतात आणि मग ज्या बायका संध्याकाळपासून खुर्चीवरून हलल्या नव्हत्या त्या उठतात. मी दरवेळी बघतो. चिंधीसारखे खांदे टाकून नाचायचा प्रयत्न करतात, एकीला जमत नाही, पण उठतात.

चिंधी आणि 'भूमिका'तली उषा एकाच वर्षातल्या आहेत हे एकदा डोळ्यासमोर आणा. एक डोंगरात अनवाणी पळणारी, दुसरी स्टुडिओच्या लाइटखाली. आणि त्याच्या एक वर्ष आधी म्हशीची धार काढणारी बिंदू, त्याच्याही आधी वाड्यातली मुकी सून. चार बायका, एकीचं चालणं दुसरीसारखं नाही. आणि हे सगळं टीव्हीवर बातम्या द्यायला लागल्यापासून पाचेक वर्षांत.

यानंतरचं तुम्हाला माहिती आहेच. 'उंबरठा' आला, 'चक्र'साठी दुसरा राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ ला पद्मश्री, अमिताभबरोबरचे मोठे पिक्चर, त्यावरून झालेली उलटसुलट चर्चा. ते सगळं मी मुद्दाम सोडतोय. 'मंथन' मात्र २०२४ मध्ये नवा करकरीत करून कानला परत दाखवला, त्याच्यामुळे आता रंग तरी नीट दिसतात, जुन्या कॉपीत बिंदूच्या अंगणातली माती आणि म्हैस एकाच रंगाची दिसायची. बघायचा तर तोच बघा.

भाचा 'भूमिका' बघून गेलाय परवा. त्याला 'चक्र'पण पाहिजे म्हणे, मी म्हटलं आधी प्रॅक्टिकलची जर्नल पूर्ण कर, तुझी आई मला फोन करते.